एका अ‍ॅपला मिळालेली परवानगी दुसऱ्या अ‍ॅपपर्यंत सुरक्षितपणे कशी न्यावी: ओऑथ वापरणाऱ्या विकासकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

समजा, एका दुकानदाराच्या खरेदीच्या पावत्या गूगल ड्राइव्हवर आहेत आणि त्या वाचून खर्चाची नोंद ठेवणाऱ्या एका वेब अ‍ॅपला त्याने ओऑथ या, पासवर्ड न सांगता मर्यादित अधिकार देण्याच्या, पद्धतीने परवानगी दिलेली आहे. काही महिन्यांनी त्या अ‍ॅपच्या कंपनीचा दुसऱ्या एका कंपनीशी करार होतो आणि पहिल्या अ‍ॅपमध्येच ‘जीएसटी विवरणपत्र तयार करा’ असे बटण येते. बटण दाबल्यावर दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपने त्याच पावत्या वाचाव्यात, दुकानदाराला पुन्हा काही करावे लागू नये, अशी मागणी विकासकांसमोर ठेवली जाते. पुढील विवेचनात पहिल्याला नोंदवही अ‍ॅप आणि दुसऱ्याला विवरण अ‍ॅप म्हटले आहे.

या मागणीचे सर्वांत झटपट उत्तर म्हणजे नोंदवही अ‍ॅपजवळचे टोकन, म्हणजे परवानगीचा पुरावा म्हणून सेवेला दाखवायची सांकेतिक अक्षरमाला, विवरण अ‍ॅपला देऊन टाकणे. ते चालतेही, आणि चालते म्हणूनच ते धोक्याचे आहे. दुकानदाराने परवानगी दिली ती एका नावाच्या अ‍ॅपला, एका कामासाठी. दुसऱ्या अ‍ॅपला अधिकार हवा असेल तर तो त्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या कामापुरता आणि दुकानदाराला दिसेल अशा रीतीने नव्याने निर्माण झाला पाहिजे. कुलमुखत्यारपत्र मिळालेला माणूस ते आपल्या मनाने तिसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही, तसेच हे आहे. हे कोणकोणत्या मार्गांनी करता येते आणि प्रत्येक मार्गात कोठे चूक होते, ते येथे पायऱ्यांनी मांडले आहे.

टोकन जसेच्या तसे का देऊ नये

ओऑथ २.० ची मूळ चौकट आरएफसी या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील ६७४९ क्रमांकाच्या दस्तऐवजात ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चार पात्रे आहेत: माहितीचा मालक असलेला वापरकर्ता, त्याच्या वतीने काम करणारे क्लायंट म्हणजे अ‍ॅप, परवानगी नोंदवून टोकन देणारा ऑथरायझेशन सर्व्हर आणि प्रत्यक्ष माहिती ठेवणारा रिसोर्स सर्व्हर. दुसरे तृतीय-पक्ष अ‍ॅप या चौकटीत कोठेच नाही. ते आणायचे असेल तर त्यालाही स्वतंत्र क्लायंट म्हणून नोंदवावे लागते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

बहुतेक सेवांची अ‍ॅक्सेस टोकन बेअरर प्रकारची असतात, म्हणजे ज्याच्या हाती टोकन त्याचा अधिकार. असे टोकन विवरण अ‍ॅपकडे गेले की गूगलच्या नोंदींत त्याची प्रत्येक विनंती नोंदवही अ‍ॅपच्या नावावर पडते. कोटा नोंदवही अ‍ॅपचा संपतो, गैरवापर झाला तर खाते नोंदवही अ‍ॅपचे बंद होते, आणि दुकानदाराने आपल्या खात्यातील जोडलेल्या अ‍ॅपची यादी उघडून पाहिली तर विवरण अ‍ॅपचे नावही तेथे दिसत नाही. शिवाय टोकनाची व्याप्ती नोंदवही अ‍ॅपच्या गरजेनुसार ठरलेली असते. विवरण अ‍ॅपला चालू तिमाहीच्या पावत्या पुरेशा असल्या तरी त्याच्या हाती सगळेच पडते.

अ‍ॅक्सेस टोकन तासाभरात संपते, म्हणून मग नवे अ‍ॅक्सेस टोकन मिळवून देणारे रिफ्रेश टोकनही द्यावे, असा विचार पुढे येतो. येथे मानकच आडवे येते. रिफ्रेश टोकन ज्या क्लायंटला दिले त्याच्याशी ते बांधलेले ठेवणे ऑथरायझेशन सर्व्हरवर बंधनकारक आहे, त्यामुळे ते वापरण्यासाठी नोंदवही अ‍ॅपचे क्लायंट सीक्रेटही (अ‍ॅपची स्वतःची गुप्त ओळख-किल्ली) विवरण अ‍ॅपला द्यावे लागेल. असे केले की एका दुकानदाराचा प्रश्न राहत नाही. नोंदवही अ‍ॅपची संपूर्ण ओळखच दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

जोडणी करणाऱ्या मधल्या कंपनीकडे साठलेली टोकने चोरीला गेली तर काय होते, याची दोन उदाहरणे सर्वांसमोर आहेत. एप्रिल २०२२ मध्ये कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने जाहीर केले की हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन जोडणीदारांना दिलेली ओऑथ टोकने चोरून हल्लेखोराने अनेक संस्थांच्या खासगी रेपॉझिटरी (कोड-साठे) उतरवून घेतल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या अ‍ॅपची टोकने चोरून शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदींच्या सेवेतील खात्यांची माहिती काढली गेली आणि अखेर ड्रिफ्टची सगळी चालू टोकने एकदम रद्द करावी लागली. टोकन आणखी एका कंपनीकडे ठेवणे म्हणजे चोरीची आणखी एक जागा तयार करणे होय.

पहिली पायरी: दुसऱ्या अ‍ॅपला नेमके काय हवे, ते लिहून काढावे

‘परवानगी शेअर करायची आहे’ हे वाक्य बैठकीत सोपे वाटते, पण त्याच्या पोटात वेगवेगळ्या चार गरजा असू शकतात. विवरण अ‍ॅपला फक्त ‘हा दुकानदार तोच आहे’ एवढी खात्री हवी असेल. त्याला एकदाच ठरावीक पावत्या हव्या असतील. त्याला दुकानदार ऑनलाइन नसतानाही दर महिन्याला ड्राइव्ह पाहायचे असेल. किंवा नोंदवही अ‍ॅपने सांगितलेले काम त्याला दुकानदाराच्या वतीने एका सामायिक यंत्रणेत पार पाडायचे असेल. प्रत्येक गरजेचा मार्ग निराळा आहे, त्यामुळे कोड लिहिण्यापूर्वी कोणती माहिती, किती काळ, वाचण्यासाठी की बदलण्यासाठी आणि वापरकर्ता समोर असताना की नसताना, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. बहुतेक वेळा असे आढळते की दुसऱ्या अ‍ॅपला टोकनाची गरजच नसते. त्याला माहिती हवी असते.

याच टप्प्यावर मूळ सेवेच्या अटी वाचाव्यात. गूगलच्या बाबतीत संपूर्ण ड्राइव्ह वाचण्याचा स्कोप, म्हणजे परवानगीची व्याप्ती, प्रतिबंधित वर्गात मोडतो. तो घेणाऱ्या अ‍ॅपची पडताळणी होते आणि माहिती सर्व्हरवर साठवली किंवा पाठवली जात असेल तर सुरक्षा मूल्यमापनही करून घ्यावे लागते. अशी माहिती पुढे कोणाला देता येते यावरही बंधने आहेत. नोंदवही अ‍ॅपने ही तपासणी पार केली म्हणून तिचा लाभ विवरण अ‍ॅपला आपोआप मिळत नाही, आणि टोकन हातोहात देणे म्हणजे ती तपासणी चुकवणेच ठरते.

दुसरी पायरी: शक्य तेथे दुसऱ्या अ‍ॅपने स्वतःची परवानगी घ्यावी

विवरण अ‍ॅपला ड्राइव्ह दीर्घकाळ आणि स्वतंत्रपणे वाचायचे असेल तर त्याने स्वतःच गूगलकडे क्लायंट म्हणून नोंद करून दुकानदाराची संमती घ्यावी. यात एक जादा पडदा येतो म्हणून उत्पादन विभागातून विरोध होतो. तो विरोध मानू नये. त्या एका पडद्यामुळे दुकानदाराला दुसऱ्या कंपनीचे नाव कळते आणि उद्या फक्त तिलाच काढून टाकता येते.

नोंदवहीतून विवरण अ‍ॅपकडे जाण्याचा प्रवास असा रचावा. दुकानदाराने बटण दाबल्यावर नोंदवही अ‍ॅपच्या सर्व्हरने विवरण अ‍ॅपच्या सर्व्हरला थेट विनंती पाठवून ‘या व्यवहाराची एक नोंद तयार करा’ असे सांगावे आणि उत्तरादाखल एकदाच वापरता येणारा, काही मिनिटांत बाद होणारा संदर्भ क्रमांक घ्यावा. ब्राउझरमधून फक्त तो क्रमांक जावा. नाव, ईमेल किंवा टोकन यांपैकी काहीही पत्त्याच्या पट्टीत येऊ नये, कारण तो पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत राहतो. विवरण अ‍ॅपने तो क्रमांक आपल्या ब्राउझर सत्राशी बांधून नेहमीचा ऑथरायझेशन कोड फ्लो (आधी अल्पजीवी कोड मिळवून त्याबदल्यात टोकन घेण्याचा प्रवाह) सुरू करावा. प्रत्येक वेळी नवे, अंदाज न करता येणारे स्टेट मूल्य (परत आलेले उत्तर आपल्याच विनंतीचे आहे हे ओळखण्याची खूण) द्यावे आणि पीकेसीई (चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये यासाठीची तपासणी) वापरावे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७०० या सुरक्षा-मार्गदर्शक दस्तऐवजाने ब्राउझर किंवा मोबाइलमधील अ‍ॅपसाठी पीकेसीई बंधनकारक केले आहे, सर्व्हरवरील अ‍ॅपसाठी त्याची शिफारस केली आहे, परतीचा पत्ता अक्षरशः जुळलाच पाहिजे असे सांगितले आहे आणि टोकन थेट ब्राउझरच्या पत्त्यातून देणारा इम्प्लिसिट फ्लो टाळण्यास सांगितले आहे. जुन्या शिकवण्यांमधून उचललेला कोड या चार बाबींवर तपासून घ्यावा.

या मार्गात सर्वांत जास्त घोटाळा खात्यांच्या जुळवणीत होतो. दुकानदाराचे एक खाते दुकानाचे आणि एक घरचे असते. नोंदवही दुकानाच्या खात्याशी जोडलेली असते आणि गूगलच्या पडद्यावर नेमके घरचे खाते निवडले जाते. लॉगिन हिंट हा पर्याय देऊन योग्य खाते पुढे सुचवता येते, पण ती केवळ सूचना असते, पडताळणी नव्हे. परत आल्यावर आयडी टोकनमधील, म्हणजे लॉगिन कोणी केले हे सांगणाऱ्या टोकनातील, सब्जेक्ट ही खात्याची ओळख तपासावी लागते. गूगल एका खात्यासाठी सर्व अ‍ॅपना एकच सब्जेक्ट देते, त्यामुळे दोन कंपन्यांना तुलना करता येते. अ‍ॅपल मात्र प्रत्येक विकासक चमूला वेगळी ओळख देते, आणि ओपनआयडी कनेक्ट या ओऑथवर आधारलेल्या लॉगिन-मानकातही क्लायंटनुसार बदलणारी ओळख देण्याची सोय आहे. अशा ठिकाणी दोन अ‍ॅपकडची मूल्ये जुळणारच नाहीत. तेथे ईमेलवरून जुळवणी करण्याचा मोह होतो. ईमेल बदलतो, दुसऱ्याला दिला जातो आणि कधी लपवलेलाही असतो, म्हणून त्यावर अधिकार ठरवू नये. त्याऐवजी ‘आपण अमुक खाते जोडत आहात, हे बरोबर आहे का’ असे खात्याचे नाव दाखवून विचारावे.

दुसरा धोका कमी दिसतो, पण अधिक गंभीर आहे. हल्लेखोर स्वतःच्या नोंदवही खात्यातून प्रवाह सुरू करून मिळालेला दुवा दुसऱ्याला पाठवू शकतो. त्या व्यक्तीने संमती दिली तर तिचे ड्राइव्ह हल्लेखोराच्या विवरण खात्याशी जोडले जाते. म्हणून जोडणी पूर्ण करण्यापूर्वी ब्राउझर पुन्हा नोंदवही अ‍ॅपकडे न्यावा, तेथे सुरुवातीच्याच सत्रात तोच वापरकर्ता आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच दोन्ही सर्व्हरनी जोडणी पक्की करावी.

तिसरी पायरी: माहितीच द्यायची असेल तर स्वतःच्या एपीआयमधून द्यावी

आपल्या उदाहरणात विवरण अ‍ॅपला खरे तर एका तिमाहीच्या पावत्या आणि त्यांवरील रकमा हव्या आहेत. त्यासाठी त्याने ड्राइव्हला हात लावण्याचे कारण नाही. नोंदवही अ‍ॅपने स्वतःची एक छोटी एपीआय, म्हणजे इतर अ‍ॅपना माहिती मागण्याची ठरावीक वाट, उभारावी आणि तिच्यापुरते स्वतः ऑथरायझेशन सर्व्हर व रिसोर्स सर्व्हर व्हावे. विवरण अ‍ॅप तेथे क्लायंट म्हणून नोंदले जाते, दुकानदार नोंदवहीच्या पडद्यावर ‘विवरण अ‍ॅपला एप्रिल ते जूनच्या पावत्या वाचू द्याव्यात’ अशी संमती देतो आणि विवरण अ‍ॅपला मिळणारे टोकन फक्त नोंदवहीच्या एपीआयवर चालते. गूगलचे टोकन नोंदवही अ‍ॅपच्या सर्व्हरबाहेर जातच नाही.

माझ्या मते दोन कंपन्यांमधील बहुतेक जोडण्यांसाठी हाच मार्ग योग्य आहे, कारण यात व्याप्ती व्यवहाराच्या भाषेत ठरवता येते. ड्राइव्हला ‘तिमाही’ ही कल्पना माहीत नाही. नोंदवहीला ती माहीत आहे. मूळ फाइल द्यावी लागली तर काही मिनिटांत मुदत संपणारा, त्या एकाच फाइलपुरता स्वाक्षरीयुक्त दुवा द्यावा. ऑथरायझेशन सर्व्हर मात्र स्वतः शून्यापासून लिहू नये. कीक्लोकसारखे प्रस्थापित मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. तोटा एवढाच की सगळी वाहतूक नोंदवही अ‍ॅपमधून होते आणि ते बंद पडले की विवरण अ‍ॅपही थांबते.

फक्त ओळख पटवायची असेल तर

या गरजेचा एक जुना आणि शिकण्याजोगा नमुना ट्विटरवर होता. ऑगस्ट २०१० अखेर ट्विटरने अ‍ॅपना वापरकर्त्याचा पासवर्ड घेऊन काम करण्याची मुभा बंद केली. त्यापूर्वी ट्विटर वापरण्यासाठीची मोबाइलमधली अ‍ॅप वापरकर्त्याचा पासवर्डच ट्विटपिकसारख्या छायाचित्र सेवेला देत असत. आता छायाचित्र कोणाच्या नावावर चढवायचे, हे त्या सेवेला कसे कळणार? त्यावर ओऑथ एको हा उपाय आला. अ‍ॅपने ट्विटरच्या ओळख-पडताळणीच्या पत्त्यासाठी ओऑथ १.० पद्धतीने स्वाक्षरी केलेली विनंती तयार करायची, पण स्वतः पाठवायची नाही. ती स्वाक्षरी विनंतीच्या दोन विशेष हेडरमधून (सोबतच्या माहिती-ओळींतून) छायाचित्र सेवेला द्यायची. छायाचित्र सेवा ती विनंती ट्विटरकडे पाठवून उत्तरातून वापरकर्ता कोण हे जाणून घेत असे.

हा नमुना तुलनेने सुरक्षित होता, कारण ओऑथ १.० ची स्वाक्षरी विशिष्ट पत्ता, विशिष्ट पद्धत, वेळ आणि एकदाच वापरायचे मूल्य यांच्याशी बांधलेली असते. ती स्वाक्षरी घेऊन छायाचित्र सेवा वापरकर्त्याच्या नावाने ट्वीट करू शकत नसे. ओऑथ २.० च्या बेअरर टोकनला असे कोणतेही बंधन नसते. ते एकोप्रमाणे पुढे पाठवले तर मिळणाऱ्याला सगळे अधिकार मिळतात. म्हणून हा नमुना आज जसाच्या तसा वापरू नये. त्यात आणखी एक सापळा होता, जो आजही निरनिराळ्या रूपांत सापडतो. पडताळणी कोठे करायची तो पत्ता विनंतीबरोबरच येत असे. छायाचित्र सेवेने तो ठरावीक यादीशी ताडून पाहिला नाही, तर हल्लेखोर स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता देऊन कोणाचेही नाव परत पाठवू शकत असे.

आज ओळखीपुरते काम असेल तर विवरण अ‍ॅपने ओपनआयडी कनेक्टने स्वतः लॉगिन घ्यावे. ‘अ‍ॅक्सेस टोकन चालले, म्हणजे समोरचा तोच वापरकर्ता’ असा निष्कर्ष कधीही काढू नये; ते टोकन तिसऱ्याच एखाद्या अ‍ॅपला मिळालेले असू शकते. आयडी टोकनचा ऑडियन्स, म्हणजे ते ज्याच्यासाठी दिले तो, आपलाच क्लायंट क्रमांक आहे, देणारा अपेक्षितच आहे आणि स्वाक्षरी बरोबर आहे, हे तपासल्याशिवाय सत्र सुरू करू नये.

चौथी पायरी: एकाच ऑथरायझेशन सर्व्हरखाली असाल तर टोकन विनिमय

काही ठिकाणी दोन्ही अ‍ॅप एकाच मोठ्या व्यासपीठावर असतात आणि त्या व्यासपीठाचा ऑथरायझेशन सर्व्हर आपल्या हाती असतो किंवा त्याच्याशी करार असतो. अशा वेळी जानेवारी २०२० मध्ये मानक झालेला आरएफसी ८६९३, म्हणजे टोकन विनिमय (एक टोकन देऊन त्याबदल्यात दुसरे घेणे), उपयोगी पडतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी: मोठ्या सार्वजनिक सेवा आपल्या ग्राहकाचे टोकन एका तृतीय पक्षाकडून दुसऱ्या तृतीय पक्षासाठी असे बदलून देतील, हे गृहीत धरू नये. गूगलची टोकन विनिमय सेवा हेच मानक वापरते, पण ती प्रामुख्याने बाहेरच्या यंत्रणांतील प्रोग्रॅमना गूगल क्लाउडमध्ये ओळख देण्यासाठी आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘ऑन बिहाफ ऑफ’ प्रवाह उद्देशाने जवळचा आहे, मात्र तो निराळ्या ग्रँट प्रकारावर (टोकन मागण्याच्या पद्धतीवर) चालतो. कीक्लोकने २६.२ या आवृत्तीपासून प्रमाणित टोकन विनिमयाला अधिकृत आधार दिला आहे.

आता दुकानदाराच्या पावत्या अशा एका व्यासपीठाच्या फाइल-साठ्यात आहेत असे धरू. रचना दोन टप्प्यांची करावी. पहिल्या टप्प्यात नोंदवही अ‍ॅप आपले टोकन ऑथरायझेशन सर्व्हरला सब्जेक्ट टोकन (ज्याच्या वतीने काम करायचे त्याचे टोकन) म्हणून देते आणि विवरण अ‍ॅप हा ऑडियन्स असलेले नवे टोकन मागते. हे टोकन घेऊन ते विवरण अ‍ॅपला काम सांगते. दुसऱ्या टप्प्यात विवरण अ‍ॅप स्वतःची क्लायंट ओळख सिद्ध करून तेच टोकन सब्जेक्ट टोकन म्हणून सादर करते आणि फाइल-साठ्यासाठी, केवळ पावत्या वाचण्याच्या स्कोपसह, टोकन मागते. नोंदवही अ‍ॅपचे फाइल-साठ्याचे टोकन विवरण अ‍ॅप कधीच पाहत नाही, आणि विवरण अ‍ॅपचे फाइल-साठ्याचे टोकन नोंदवही अ‍ॅप कधीच पाहत नाही.

विनंतीत ग्रँट टाइप म्हणून टोकन विनिमयाचे ठरलेले यूआरएन मूल्य (प्रमाणित ओळख-नाव), सब्जेक्ट टोकन आणि त्याचा प्रकार या तीन गोष्टी अनिवार्य असतात. रिसोर्स किंवा ऑडियन्स आणि स्कोप मानकानुसार ऐच्छिक आहेत, पण आपल्या यंत्रणेत ते अनिवार्य करावेत. ते नसतील तर विनंती नाकारावी, कारण लक्ष्य न सांगता मिळालेले टोकन कोठेही चालण्याचा धोका असतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे अ‍ॅक्टर टोकन दिले तर त्याचा प्रकारही द्यावा लागतो. उत्तरात नव्या टोकनाबरोबर ते कोणत्या प्रकारचे आहे हेही येते, ते वाचावे. लक्ष्य मान्य नसेल तर ‘इनव्हॅलिड टार्गेट’ ही त्रुटी मिळते आणि सब्जेक्ट टोकन अग्राह्य असेल तर ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट’. दुसऱ्या त्रुटीवर तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवण्याचा कोड लिहू नये.

ऑथरायझेशन सर्व्हरने येथे काय तपासावे, यावरच सगळी सुरक्षा अवलंबून आहे. मागणाऱ्या क्लायंटची ओळख पटली पाहिजे. सब्जेक्ट टोकनचा ऑडियन्स तोच क्लायंट असला पाहिजे, नाहीतर कोठूनही हाती लागलेले टोकन कोणीही बदलून घेईल; पहिल्या टप्प्यात नोंदवही अ‍ॅपच्या बाबतीत निदान ते टोकन त्यालाच दिलेले होते हे पाहावे. या दोन अ‍ॅपमध्ये देवाणघेवाण करण्यास दुकानदाराने संमती दिल्याची नोंद सापडली पाहिजे. नवा स्कोप हा जुन्या टोकनचा स्कोप, संमतीतील स्कोप आणि क्लायंटला मुळात मिळू शकणारा स्कोप या तिघांच्या सामाईक भागाबाहेर जाता कामा नये. मुदत जुन्या टोकनाच्या उरलेल्या मुदतीपेक्षा जास्त नसावी. मी तर पाच ते दहा मिनिटांवर जाऊ नये असेच सुचवेन. या मार्गाने सहसा रिफ्रेश टोकन देऊ नये.

नव्या टोकनात कोणाच्या वतीने कोण काम करत आहे, हे दिसणे महत्त्वाचे आहे. मानकात त्यासाठी ‘अ‍ॅक्ट’ हा क्लेम, म्हणजे टोकनातील माहितीचा रकाना, आहे. सब्जेक्ट दुकानदार राहतो आणि ‘अ‍ॅक्ट’मध्ये विवरण अ‍ॅप येते, त्याच्या आत पुन्हा ‘अ‍ॅक्ट’ घालून आधीचे नोंदवही अ‍ॅप दाखवता येते. फाइल-साठ्याने निर्णय घेताना सब्जेक्ट आणि सर्वांत बाहेरचा अ‍ॅक्टर एवढेच पाहावे. आतील साखळी माहितीसाठी आणि माग ठेवण्यासाठी असते, असे मानकच सांगते. कोणाला अ‍ॅक्टर होता येईल हे मूळ टोकनात आधीच नोंदवण्यासाठी ‘मे अ‍ॅक्ट’ हा क्लेम आहे. अ‍ॅक्टरचा उल्लेख न करता केवळ दुकानदाराच्या नावाचे टोकन देणे मानकात बसते, परंतु त्यात विवरण अ‍ॅपने केलेले काम दुकानदाराने स्वतः केल्यासारखे दिसते. पैसे किंवा कागदपत्रे हाताळणाऱ्या दोन स्वतंत्र कंपन्यांमध्ये तो प्रकार टाळावा. वापरणार असलेले सॉफ्टवेअर ‘अ‍ॅक्ट’ क्लेम देते का, हे निवड करण्यापूर्वी तपासावे; सगळी देत नाहीत.

पाचवी पायरी: संमतीचा पडदा

संमतीच्या पडद्यावर देणारा, घेणारा, माहिती, कारण आणि मुदत या पाचही गोष्टी साध्या भाषेत याव्यात. उदाहरणार्थ: ‘एप्रिल ते जून या काळातील आपल्या खरेदी पावत्या नोंदवही अ‍ॅपकडून विवरण अ‍ॅपला वाचण्यासाठी दिल्या जातील. त्यांचा उपयोग फक्त जीएसटी विवरणपत्र तयार करण्यासाठी होईल. ही परवानगी ३० दिवसांनी संपेल. त्याआधी ती सेटिंग्जमधील जोडलेली अ‍ॅप या पानावरून रद्द करता येईल.’ ‘आमच्या भागीदारांना’ असा मोघम उल्लेख चालू नये. नोंदवहीची आधीची संमती यात धरून चालू नये आणि खूण आधीच केलेली नसावी.

भारतातील विकासकांनी यात कायद्याचाही विचार करावा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही त्यात म्हटले आहे. आर्थिक माहितीच्या क्षेत्रात रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती पोहोचवणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांसाठी काढलेल्या निर्देशांत संमतीच्या दस्तऐवजाचे घटकच ठरवून दिले होते: कोणती माहिती, कशासाठी, कोणाला, केव्हापासून आणि केव्हापर्यंत. आपल्या अ‍ॅपला ते निर्देश लागू नसले तरी संमतीची नोंद साठवण्याचा तक्ता रचताना तो नमुना उत्तम आहे.

सहावी पायरी: टोकन धारकाशी बांधावे

एवढे करूनही टोकन चोरीला जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे टोकन केवळ हाती असून चालणार नाही, त्यासोबतची खासगी किल्लीही लागेल अशी व्यवस्था करणे. सर्व्हर-सर्व्हर जोडणीत दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र तपासणारे टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत) वापरून टोकन प्रमाणपत्राशी बांधता येते. ते आरएफसी ८७०५ मध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली डीपॉप पद्धत अ‍ॅपच्या पातळीवर चालते: प्रत्येक विनंतीबरोबर पद्धत, पत्ता, वेळ आणि टोकनाचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा) यांवर स्वाक्षरी केलेला छोटा पुरावा जातो. ओऑथ १.० च्या स्वाक्षरीतील चांगला भाग यातून परत मिळाला आहे. आपला ऑथरायझेशन सर्व्हर यांपैकी काही देत असेल तर पहिल्या दिवसापासून चालू करावे. नंतर सगळ्या भागीदारांकडून बदल करून घेणे फार अवघड जाते.

रिफ्रेश टोकन डेटाबेसमध्ये कूटबद्ध ठेवावीत आणि त्यांची किल्ली वेगळ्या व्यवस्थेत ठेवावी. नोंदींमध्ये ऑथरायझेशन हेडर कधीही लिहिला जाऊ नये. तो त्रुटी-नोंदणी करणाऱ्या बाहेरच्या सेवांकडेही नकळत जात असतो, तेथे आधी पाहावे.

सातवी पायरी: परवानगी मागे घेतली की काय व्हावे

दुकानदाराने नोंदवहीची परवानगी काढली तर विवरण अ‍ॅपचे काय, हा प्रश्न आरंभीच सोडवून ठेवावा. टोकन विनिमय ही एकवेळची क्रिया आहे. जुन्या आणि नव्या टोकनाचे आयुष्य मानकाने एकमेकांशी घट्ट बांधलेले नाही. जुने रद्द झाले तरी नवे आपल्या मुदतीपर्यंत चालू राहू शकते. अल्प मुदतीचा आग्रह यासाठीच आहे. त्याशिवाय प्रत्येक संमतीला एक क्रमांक द्यावा, त्यातून निघालेल्या प्रत्येक टोकनावर तो नोंदवावा आणि संमती रद्द होताच त्या क्रमांकाची सगळी टोकने बाद करावीत. रिसोर्स सर्व्हर टोकन स्वतःच वाचून निर्णय घेत असेल तर त्याला रद्द झाल्याचे कळत नाही. संवेदनशील कामांसाठी आरएफसी ७६६२ मधील इंट्रोस्पेक्शन वापरून ऑथरायझेशन सर्व्हरला विचारावे.

दोन कंपन्यांनी एकमेकांना ‘संमती रद्द’ हा संदेश स्वाक्षरीसह पाठवण्याचा पत्ता ठरवावा. तो पोहोचला नाही तर पुन्हा पाठवण्याची सोय ठेवावी. विवरण अ‍ॅपने आधीच उतरवून घेतलेल्या पावत्यांचे काय करायचे, हे टोकन रद्द करून सुटत नाही; ते करारात आणि पडद्यावर, दोन्हीकडे लिहिलेले असावे.

टोकन रद्द करण्याच्या एपीआयबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. आरएफसी ७००९ नुसार अवैध टोकन पाठवले तरी उत्तर २०० (यशस्वी) हेच येते. त्यामुळे चुकीचे किंवा अर्धवट कापले गेलेले टोकन पाठवणारा कोडही यशस्वी झाल्यासारखा दिसतो. रद्द केल्यानंतर ते टोकन वापरून एक विनंती करावी आणि ती नाकारली गेल्याचे पाहावे.

आठवी पायरी: नाकारल्या जायला हव्यात अशा विनंत्यांची चाचणी

यशस्वी प्रवाहाची चाचणी सगळेच करतात. येथे उलट चाचण्या अधिक मोलाच्या आहेत. नोंदवहीचे टोकन थेट फाइल-साठ्याऐवजी विवरण अ‍ॅपच्या एपीआयवर लावून पाहावे, ते नाकारले गेले पाहिजे. विवरण अ‍ॅपच्या ओळखीने जास्त स्कोप मागावा. ज्या दुकानदाराने संमतीच दिलेली नाही त्याचे टोकन बदलून मागावे. मुदत संपायला एक मिनिट असलेले टोकन देऊन नव्या टोकनाची मुदत पाहावी. वापरलेला संदर्भ क्रमांक दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावा. गूगलच्या पडद्यावर मुद्दाम दुसरे खाते निवडावे. डीपॉपचा पुरावा एका पत्त्यासाठी तयार करून दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा. या सगळ्या चाचण्या स्वयंचलित संचात टाकाव्यात, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी ऑडियन्सची तपासणी ‘तात्पुरती’ काढून टाकली तर ती लगेच लक्षात येईल.

गूगलशी जोडणी करताना एक व्यावहारिक सूचना आहे. प्रकल्प बाह्य वापरकर्त्यांसाठी असून ‘टेस्टिंग’ स्थितीत असेल, तर ड्राइव्हसारख्या स्कोपची रिफ्रेश टोकने सात दिवसांत संपतात. चाचणीत आठवड्याने सगळ्या जोडण्या एकदम तुटल्या, तर कोडमध्ये दोष शोधण्यापूर्वी ही स्थिती पाहावी. प्रत्यक्ष वापरातही एका खात्यासाठी एका क्लायंटला १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की सर्वांत जुने टोकन पूर्वसूचनेविना बाद होते. प्रत्येक लॉगिनला नवे रिफ्रेश टोकन मागणारे अ‍ॅप अशा रीतीने आपलीच जुनी जोडणी तोडत असते. शेवटची चाचणी दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र करावी: विवरण अ‍ॅपची सगळी टोकने चोरीला गेली आहेत असे समजून ती सर्व रद्द करावीत, दुकानदारांना कळवण्याचा मजकूर तयार आहे का ते पाहावे आणि नोंदवही अ‍ॅप त्या काळात न अडखळता चालू राहते, याची खात्री करूनच हे बटण ग्राहकांसाठी खुले करावे.